रुग्णाच्या इच्छेने

“आधी बसव तिला. नाव मंग लिव.”

काकी दवाखान्यात शिरली की पहिलं वाक्य हे. मागे कुणीतरी दिवस भरत आलेली बाई, काकीच्या कडेवर त्या बाईचं थोरलं पोर, आणि काकी माझ्या टेबलासमोरची खुर्ची पायाने बाहेर ओढून पदराने पुसतेय. खुर्ची पुसलेलीच असायची. तरी ती पुसायची, बाईला दंडाला धरून बसवायची आणि मग माझ्याकडे असं बघायची, की जणू ती खुर्ची मीच अडवून ठेवली होती.

“काकी, नाव टाकल्याशिवाय केसपेपर निघत नाही.”

“केसपेपर चक्कर येऊन पडत नाय. ही पडल.”

तुम्ही तिला पाहिलं असेल. ती नाही तर तिच्यासारखी दुसरी. आशाताईंची साडी, खांद्याला औषधांची पिशवी, पायात टाचेकडे झिजलेल्या चपला. नालासोपारा पूर्वेच्या चाळींतून अशा बायका सकाळी दारोदार फिरताना दिसतात. आपण दार अर्धं उघडतो, “आमच्याकडे लहान मूल नाही” म्हणतो आणि लावून घेतो. त्यातलीच ती एक.

तिचं नाव मी लिहीत नाही. दवाखान्याचंही लिहीत नाही. त्यात माझी सोय आहे असं कुणाला वाटलं, तर ते खोटं नाही.

मी त्या सरकारी दवाखान्यात कॉम्प्युटरवर नोंदी करते. अकरा महिन्यांचा करार, मग पुन्हा अकरा महिन्यांचा. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. बी.कॉम. माझी आई मिठागरात कामाला होती, तिच्या तळपायांना अजून चिरा आहेत. माझं डिग्रीचं सर्टिफिकेट तिने फ्रेम करून देवांच्या वर लावलंय. देवांच्या शेजारी नाही, वर. हे सगळं काकीला माहीत होतं आणि ते ती प्रत्येक नव्या बाईला सांगायची.

“ही बग. हिची आई मिठागरात. आनि ही कॉम्प्युटरवर. तुझ्या पोटात पोरगी असली तर तिला हिच्यासारखी कर.”

मी मान खाली घालून टाइप करत राहायचे. पण मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू.

काकीचं माहेर कळंबचं, मच्छीमाराचं घर. लग्न होऊन आचोळ्याला आली आणि तिथल्याच चाळीत तीस वर्षं काढली. बोलणं मात्र कळंबचंच राहिलं. पानी, कोन, आनि. तिच्या डायरीत ती लिहायचीही तसंच. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी तिची डायरी लाल पेनने तपासून दिली होती. शाळेतल्या बाई देतात तशी. पुढच्या आठवड्यात तिने ती पानं दुसऱ्या वहीत सुवाच्य उतरवून आणली आणि माझ्यापुढे ठेवली.

“बग, आता तुझ्यासारखं झालं का?”

झालं होतं. माझी आई घरात पानीच म्हणते. तिला मी कधी दुरुस्त केलेलं नाही. तिला राग येईल. काकीला यायचा नाही, म्हणून मी तिला दुरुस्त केलं. ही गोष्ट मला फार उशिरा कळली.

आमच्या कामात शेवटच्या पाळीची तारीख लागते. त्यावरून बाळंतपणाची तारीख निघते. आता आमच्याकडे येणाऱ्या बायका कुठकुठल्या. कुणी जौनपूरची, कुणी मालवणची, कुणी सोलापूरकडची, कुणी वसई गावातली. तारखा कुणीच लक्षात ठेवत नाही. पण सण लक्षात असतात. काकीच्या पिशवीत चार घड्या घातलेलं भिंतीवरचं कॅलेंडर असायचं आणि ती बाईला तारीख विचारतच नसे. “छठ के पहिले की पीछे?” “गौरी गेल्यावर का?” “रोजे आधे हुए थे क्या?” “नाताळाच्या आधी किती दिस?” असं ढकलत ढकलत ती एका चौकोनावर बोट ठेवायची आणि मला म्हणायची, “टाक.” डॉक्टर मॅडम सोनोग्राफीचा कागद बघून सांगायच्या, दोन-तीन दिवसांपलीकडे फरक नाही.

एकदा एक बाई म्हणाली, इलेक्शनच्या दिवशी. काकी म्हणाली, “कोनतं इलेक्शन?” बाईने विचार केला आणि म्हणाली, “जिसमें इनको छुट्टी मिली थी.” काकी माझ्याकडे बघून म्हणाली, “छुट्टी कशी कामाला आली बग.” त्या बाईसकट सगळी रांग हसली.

तिचं हिंदी तिचंच होतं. “तेरेको आठवा लगा ना? फिर पानी का हंडा काय को उचलती? तेरे मरद को हात नाय क्या?” तो मरद शेजारीच उभा असायचा. दुसऱ्या दिवशी नळावर हंडा घेऊन तोच दिसायचा. लोक तिला वचकून होते. तिच्यावर चिडलेला माणूस मात्र मी पाहिला नाही.

एका रविवारी ती मला कळंबला तिच्या भावाकडे घेऊन गेली. किनाऱ्यालगत सुट्टीवाल्यांच्या कॉटेज झाल्यात. त्यांच्या अंगणात झोके, आमच्या वाटेवर बोंबील वाळत घातलेले. एक मुंबईची बाई नाकाला रुमाल लावून चालली होती. काकी तिला थांबवून म्हणाली, “ताई, नाक झाका, पन रात्री जेवायला हेच मागाल.” ती बाई हसली आणि खरंच विकत घेऊन गेली. परतताना मलाही एक जुडगा बांधून दिला. “आईला दे. सांग, काकीने दिलं. आनि सांग, पोरगी चांगली हाय.”

आता मुद्द्यावर येते. मुद्दा टाळण्यासाठीच इतकं लिहिलं की काय, मला ठाऊक नाही.

आमच्या दवाखान्यात बाळंतपणाचा विभाग होता. दहा खाटा, दोन सिस्टर, एक मावशी आणि एक डॉक्टर मॅडम. मॅडम दुपारी दोनपर्यंत. त्यानंतर यायच्या डॉक्टरची जागा कित्येक दिवस रिकामी. भूल देणाऱ्या डॉक्टरची जागा तर मी आल्यापासून रिकामीच होती. त्यामुळे दुपारनंतर कुणी कळा घेत आली, की सिस्टर तपासायची आणि म्हणायची, पुढे जा. पुढे म्हणजे दुसऱ्या मोठ्या दवाखान्यात, नाहीतर प्रायव्हेटला. रिक्षा ज्याची त्याने आणायची.

अशी बाई पुढे गेली की मला कॉम्प्युटरवर कारण भरावं लागे. कारणाच्या रकान्यात तीनच पर्याय होते. पहिला, वैद्यकीय गुंतागुंत. दुसरा, रुग्णाच्या इच्छेने. तिसरा, इतर. डॉक्टर नाही, असा पर्यायच नव्हता. सुरुवातीला मी ‘इतर’ टाकायचे आणि खालच्या चौकटीत लिहायचे, ‘डॉक्टरची जागा रिक्त.’ ‘इतर’ टाकलं की वरून फोन येई. खुलासा द्या, सहीनिशी द्या, आजच्या आज द्या. डॉक्टर मॅडम वैतागल्या. त्यांचंही चूक नव्हतं, दिवसभर पेशंट बघून संध्याकाळी खुलासे कोण लिहिणार. त्या म्हणाल्या, “अगं, दुसरा टाकत जा. बाई स्वतःच्या पायांनीच जाते ना बाहेर?”

मी दुसरा टाकायला लागले. फोन थांबले. माझ्या नोंदी वेळेत जाऊ लागल्या, काहीच बाकी राहत नसे. वरच्या ऑफिसातून मला कौतुकाचं पत्र आलं. ते मी आईला वाचून दाखवलं. पत्र कशाबद्दल आहे हे तिला कळलं नाही, पण तिने ते डिग्रीच्या फ्रेममागे खोचून ठेवलं.

एके दुपारी काकी जौनपूरच्या एका पोरीला घेऊन आली. पहिलटकरीण. चेहरा पांढरा पडलेला. काकीने खुर्ची ओढली, पुसली, बसवलं. सिस्टरने आत नेऊन तपासलं आणि बाहेर आणलं. “काकी, बाळ पायाळू वाटतंय. इथे कोणी नाही. मी हात लावायची नाही. लगेच न्या.” काकीने वाद घातला नाही. त्या सिस्टरवर किती जोखीम आहे ते तिला माहीत होतं. नवरा रिक्षा बघायला धावला. तेवढ्या वेळात काकी माझ्या मागे येऊन उभी राहिली, मी नोंद करत होते.

“काय लिवलंस?”

“पुढे पाठवलं, असं.”

“त्याच्या खाली काय हाय?”

तिला वाचता येत होतं. सावकाश, बोट ठेवून, पण येत होतं. मी वाचून दाखवलं, “रुग्णाच्या इच्छेने.”

“कोनाच्या?”

“काकी, तसा रकाना आहे. दुसरं काही टाकता येत नाही.”

तिने पडद्यावरच्या त्या शब्दांवरून बोट फिरवलं. मग “अस्सं” म्हणाली आणि रिक्षाकडे गेली. त्या पोरीचं बाळंतपण वाटेतच झालं, रिक्षात, काकीच्या मांडीवर. बाळ सुखरूप होतं. काकीने दुसऱ्या दिवशी येऊन मला नुसतं एवढंच सांगितलं, “मुलगा झाला. रडला जोरात.”

काही महिन्यांनी बोलणं सुरू झालं की बाळंतपणाचा विभाग एका खासगी संस्थेला चालवायला देणार. कारण काय, तर बायका इथे येतच नाहीत. आल्या तरी थांबत नाहीत. रिकाम्या खाटांवर खर्च कशाला.

सगळ्या युनियन एकत्र आल्या. नर्सेसची, आशांची, सफाई कामगारांची, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरांची. बोळिंजहून मोठ्या ऑफिसवर मोर्चा ठरला. काकी चाळीचाळीतून सांगत फिरत होती. मोर्चाच्या दोन दिवस आधी ती माझ्याकडे आली. जेवणाची सुट्टी होती, खोलीत आम्ही दोघीच.

“बाय, मोर्च्याला येशील?”

“काकी, माझा करार पुढच्या महिन्यात संपतोय. आणि त्या दिवशी मला साहेबांनी फाईल घेऊन मोठ्या ऑफिसात बोलावलंय. युनियनवाले भेटायला आले की आकडे दाखवायला.”

“मंग येऊ नको.” ती लगेच म्हणाली. तिला राग आला नव्हता. ती उलट जवळ सरकली. “तू आत असशील ते बरंच हाय. आमाला आत कोनी इचारत नाय. तुला इचारतील. इचारलं तर खरं सांग. डॉक्टर नसतो म्हनून पाठवतात, एवढंच. तेवढं पुरं हाय.”

“सांगेन.”

“नक्की?”

“सांगेन म्हटलं ना काकी.”

तिने माझा डबा बघितला, त्यात भाजी कमी होती, तर तिने तिच्या डब्यातलं कोलंबीचं सुकं अर्धं माझ्या डब्यात लोटलं आणि गेली.

मोर्चाच्या दिवशी मी तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत होते. एसी असल्यामुळे काचा बंद. घोषणा ऐकू येत नव्हत्या, नुसती तोंडं हलताना दिसत होती. पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर पुढे. मागे आशा, त्यांच्या मागे झाडूवाल्या बायका, रिक्षावाले, पश्चिमेच्या गावांतले म्हातारे मास्तर छत्र्या उघडून. ‘सरकारी दवाखाना वाचवा’ अशी पाटी एका मास्तरांनी ऊन लागतं म्हणून डोक्यावर धरली होती. काकी मला लगेच दिसली. तिच्याभोवती चार बाया, प्रत्येकीच्या खांद्यावर पोर. त्या चौघींना आमच्याकडून पुढे पाठवलेलं होतं. चौघींच्या नोंदी मी केलेल्या होत्या.

पाच जणांना वर सोडलं. चष्मा लावलेली एक सिस्टर पुढारी होती, दुसऱ्या गावच्या दवाखान्यातली. मला ओळखत नव्हती. दोन युनियनचे गृहस्थ, काकी आणि जौनपूरची ती पोरगी, खांद्यावर मुलगा. मी साहेबांच्या मागे, भिंतीला लागून, लॅपटॉप मांडीवर घेऊन.

साहेब सभ्य होते. सगळ्यांना पाणी दिलं, एसी वाढवू का म्हणून विचारलं. मग माझा कागद पुढे ओढला.

“ताई, तुमच्या भावना समजतात. पण हे बघा. जवळजवळ सगळ्या बायका स्वतःच्या इच्छेने दुसरीकडे जातात. मग हा विभाग आपण चालवायचा कुणासाठी?”

सिस्टर म्हणाल्या, “हे खोटं आहे साहेब. त्यांना पाठवलं जातं. डॉक्टर नाहीत तिथे.”

साहेब माझ्याकडे वळले. “मॅडम, ही माहिती बरोबर आहे ना?”

काकीने माझ्याकडे बघितलं आणि हळूच मान हलवली. शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरगी स्टेजवर आली की आई खालून मान हलवते ना, बोल आता, तशी. तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती. मी बोलणार याची तिला खात्री होती.

“हो सर,” मी म्हणाले. “सिस्टीममध्ये आहे तशीच आहे.”

हे वाक्य मी तिथे बसल्या बसल्या तयार केलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. शिक्षणाने मला काय दिलं असं कुणी विचारलं, तर त्या दिवशी मला असं वाक्य करता आलं.

काकीची मान थांबली. ती माझ्याकडे आणखी क्षणभर बघत राहिली, माझं पुढचं वाक्य यायचंय असं समजून. ते आलं नाही. मग ती साहेबांकडे वळली.

“साहेब, कागद ऱ्हाऊ द्या. हिला इचारा हिची इच्छा काय होती ती.”

ती पोरगी घाबरत म्हणाली, “हमको तो बोले डॉक्टर नहीं है, रिक्शा पकड़ लो. रिक्शा में ही हो गया.”

“आता बाळ बरं आहे ना?” साहेबांनी विचारलं. “छान. नोंद घेतो आम्ही याची.”

काकीला एक वाक्य बोलता आलं असतं. साहेब, ह्या पोरीने माझ्यासमोर लिवलंय, ती इथेच बसलीय, तिला माहीत हाय. माझ्याकडे बोट दाखवलं असतं तरी पुरे होतं. ती बोलली नाही. उठताना तिने त्या मुलाचं टोपडं सरळ केलं आणि सगळ्यांच्या मागून बाहेर गेली. मी लॅपटॉपकडे बघत होते. पडदा केव्हाच काळा झाला होता.

त्यानंतर तिला काय उत्तर द्यायचं हे मी मनात ठरवून ठेवलं होतं. ती चिडेल. चार शब्द ऐकवेल. मग मीही ऐकवेन. माझा करार, आईचं वय, धाकट्या भावाचं कॉलेज, तुमचं बरं आहे काकी, तुम्हाला काढणार कोण. सगळं तयार होतं.

सोमवारी ती नेहमीसारखी आली. खुर्ची ओढली, पुसली, बाईला बसवलं. “बाय, हिची गौरीच्या आदल्या दिवशीची हाय, टाक,” म्हणाली. मी टाकलं. तिने मला मॅडम म्हटलं नाही, तोंड फिरवलं नाही, माझ्या आईची चौकशी केली. माझी तयारी तशीच राहिली.

एक गोष्ट मात्र बदलली. आशांना वरून पत्रं येत, सूचना येत, सरकारी भाषेतल्या. ती पूर्वी प्रत्येक कागद माझ्याकडे आणायची. “वाच गं, आनि मला माझ्या भाषेत सांग.” मोर्चानंतर ती कागद घेऊन औषधं देणाऱ्या दादांच्या खिडकीवर जायला लागली. दादा घाईत असायचे, अर्धवट वाचायचे. ती तिथेच उभी राहून पुन्हा विचारायची. माझी खोली त्या खिडकीच्या समोर आहे. मला सगळं दिसायचं, ऐकू यायचं. एकदा दादांनी तिला चुकीची तारीख सांगितली. मी उठून गेले आणि म्हणाले, “काकी, ती सतरा नाही, सत्तावीस आहे.” ती म्हणाली, “बरं.” पुढचं पत्र पुन्हा दादांकडेच गेलं.

विभाग गेला. बाहेर नवी पाटी लागली, काचेचं दार आलं. तपासणी आमच्याकडेच राहिली, बाळंतपण तिकडे. तिकडे कागदपत्रं पूर्ण नसली की बायकांना परतवतात, असं चाळीतल्या बायका सांगतात. काकी मग त्यांना घेऊन लांबच्या सरकारी दवाखान्यात जायची. सकाळी गेलेली संध्याकाळी यायची. तिला शुगर होती. चाळीतल्या सगळ्यांची तपासायची, स्वतःची नाही.

माझा करार वाढला. तो मी गप्प बसले म्हणून वाढला की तसाही वाढला असता, ते मला कधीच कळणार नाही. तसाही वाढला असता असं वाटतं तेव्हा जास्त त्रास होतो.

एका शनिवारी मी दवाखान्याची जुनी ड्युटीची पत्रकं काढली. कोणत्या दिवशी कोणता डॉक्टर होता, कोणत्या दिवशी नव्हता. ती माझ्या नोंदींशी लावून बघितली आणि एक पानभर लिहिलं. की ‘रुग्णाच्या इच्छेने’ असं मी भरलं, ते सांगितल्यावरून भरलं, आणि खरं कारण डॉक्टर नसणं हे होतं. खाली पूर्ण नाव लिहून सही केली. नावापुढे बी.कॉम. लिहिलं, मग खोडावंसं वाटलं, पण खाडाखोड नको म्हणून राहू दिलं. तो कागद मी पर्समध्ये ठेवला. सोमवारी काकीला द्यायचा.

सोमवारी रांग मोठी होती. पुढच्या सोमवारी डॉक्टर मॅडम खोलीतच बसून होत्या. त्याच्या पुढच्या सोमवारी कुणीच नव्हतं, आम्ही दोघीच होतो, काकी पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढून मोजत होती, आणि मी पर्सची चेन उघडून पुन्हा लावली.

ती झोपेत गेली. सकाळी सुनेने हाक मारली तर उठली नाही. दहाव्या दिवसानंतर युनियनने आचोळ्याला एका शाळेच्या खोलीत शोकसभा ठेवली. फोटो तिच्या ओळखपत्रावरचा, मोठा केलेला. त्यात ती दचकल्यासारखी दिसते. बाकांवर जागा नव्हती इतक्या बायका आल्या होत्या आणि बहुतेकींच्या मांडीवर पोरं होती. पोरं रडत होती, त्यामुळे भाषणं कुणाला नीट ऐकू आली नाहीत.

चष्म्याच्या सिस्टर बाजूला एकट्या होत्या तेव्हा मी जाऊन त्यांच्या हातात कागद दिला. त्यांनी चष्मा वर सरकवून उभ्याउभ्याच वाचला. मग पुन्हा वाचला.

“तू त्या दिवशी साहेबांच्या मागे बसली होतीस.”

“हो.”

“मी तुला त्या ऑफिसातलीच समजले होते.” त्यांनी खालची सही पुन्हा बघितली. “म्हणजे काकींची ती आतली पोर तू.”

मी पर्सची चेन लावली.

“मोर्चाच्या आधी सगळ्यांना सांगत होत्या. आत आपली एक पोर आहे, शिकलेली आहे, ती खरं सांगणार आहे. खाली उतरल्यावर आम्ही विचारलं, कुठेय तुमची पोर? तर म्हणाल्या, आज आली नाय. नाव विचारलं तर सांगेनात. मग काय, आमच्या दर मीटिंगला चेष्टा. काकी, तुमच्या त्या पोरीचं काय झालं, लग्न होऊन गेली का?”

“मग त्या काय म्हणायच्या?”

“म्हणायच्या, येईल. भ्यायलीय. कोनी घाई करू नका तिला.”

“कधीपर्यंत म्हणत होत्या?”

सिस्टरनी आठवून बघितलं. “गेल्या महिन्याच्या मीटिंगलाही म्हणाल्या.”

गेल्या महिन्यात ती चार सोमवार माझ्यासमोर बसली होती. चारही वेळा मी तिला विचारलं होतं, काकी, नोंदीला अजून कुणी राहिलंय का?

सिस्टरनी कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये घातला आणि परत बाहेर काढला.

“यावर तारीख नाही.”

मी टाकली नव्हती. देईन त्या दिवशी टाकू, असं ठरवलं होतं. त्यांनी आपलं पेन दिलं. शाळेच्या भिंतीला कागद लावून मी त्या दिवसाची तारीख टाकली. फोटोला फुलं वाहायला बायकांची रांग दारापर्यंत गेली होती. पेन परत दिलं आणि मी रांगेत शेवटी जाऊन उभी राहिले.